मुरमाखालची जमीन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

रायपूर शहर वाढत वाढत आपल्याच कारखान्यांना जाऊन भिडले आहे. उरला, सिलतरा, भनपुरी, बिरगाव या पट्ट्यात जुन्या शेड आणि गोदामांच्या शेजारी प्लॉटिंगचे फलक दिसतात. तात्यापाऱ्यात पिढ्यानपिढ्या राहिलेली मराठी कुटुंबेही आता शहराबाहेर जागा बघतात. जागा बघताना खसरा, बी-वन, डायव्हर्शन असे जमिनीचे सगळे कागद बारकाईने तपासले जातात. या जमिनीवर आधी काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. काही पक्के गैरसमज त्याला कारण आहेत.

गैरसमज १: सॉइल टेस्ट झाली आहे, म्हणजे माती चांगली आहे.

वस्तुस्थिती: बांधकामाआधी होणारी सॉइल टेस्ट जमीन किती भार पेलेल, एवढेच सांगते. कन्हार माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तर भाट्याच्या जमिनीत लवकर कठीण थर लागतो. पाया कसा घ्यायचा हे त्यावरून ठरते. त्या अहवालात शिसे, क्रोमियम, आर्सेनिक किंवा तेलाचा अंश शोधलेलाच नसतो. ती रासायनिक तपासणी वेगळी मागावी लागते आणि एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून करून घ्यावी लागते. नमुने कुठून घ्यायचे हे जागेच्या इतिहासावरून ठरते. डिझेलची टाकी, ट्रान्सफॉर्मर, बॅटरीचे भंगार किंवा राखेचा ढीग जिथे होता, तिथली माती आधी तपासायची. मोकळ्या कोपऱ्यातून घेतलेला एकच नमुना फसवा दिलासा देतो.

गैरसमज २: घाण असेल तर दिसेल, नाहीतर वास तरी येईल.

वस्तुस्थिती: शिशाला वास नसतो. पाण्यात विरघळलेल्या आर्सेनिकला रंग नसतो आणि चवही नसते. डोळ्यांना दिसते ते फार थोडे, पण तेही बघण्याची सवय हवी. या भागातल्या एखाद्या भराव टाकलेल्या प्लॉटवर मीटरभर खोल खड्डा घ्या आणि त्याची उभी कड नीट बघा. वर तांबूस मुरूम, खाली मूळची पिवळसर मटासी माती आणि मधे एखादा करडा किंवा काळा पट्टा दिसला, तर तिथे थांबा. करडा थर बहुधा राखेचा असतो. काळे, हलके, सच्छिद्र खडे असतील तर तो डोलोचार असू शकतो. कोळसा वापरून स्पंज आयर्न बनवताना भट्टीतून उरणारा हा कोळशाचा अवशेष आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून त्या मातीवरून फिरवला, तर लोखंडाचे बारीक कण पिशवीला चिकटतात. तांबड्या मुरमातही चुंबकाला चिकटणारे नैसर्गिक कण असतात, म्हणून ही खूण पुरावा ठरत नाही. नमुना कुठून घ्यायचा, एवढे मात्र ती सांगते. निकाल प्रयोगशाळेनेच द्यायचा.

गैरसमज ३: वरून दोन फूट मुरूम टाकला की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती: मुरमातून पाणी झिरपते. पावसाचे पाणी खालच्या थरातली द्रव्ये विरघळवून आणखी खोल नेते. रायपूरच्या बऱ्याच भागाखाली चुनखडकाचा थर आहे. त्याच्या भेगा आणि पोकळ्यांतून पाणी भराभर पुढे सरकते, त्यामुळे एका प्लॉटवरची घाण शेजारच्या बोअरपर्यंत पोचू शकते. छोकरा नाल्यासारखे प्रवाह पुढे खारुन नदीला मिळतात, आणि शहराची तहान याच खारुनवर भागते.

झाकणे हा उपाय नाहीच असे नाही. पण त्यासाठी पाणी न झिरपणारा चिकणमातीचा किंवा जाड पटलाचा थर, वरचे पाणी वाहून नेणारा उतार आणि नियमित देखरेख लागते. पुढे त्यातूनच बोअर किंवा बेसमेंट खणले, तर झाकण फुटते. अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉलमध्ये नेमके हेच घडले. एका रासायनिक कंपनीने तिथे कचरा पुरून वर मातीचे आच्छादन घातले आणि १९५३ मध्ये ती जागा एका डॉलरला शाळा मंडळाला दिली. पुढे बांधकामांनी ते आच्छादन फोडले. १९७८ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर झाली, शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली.

गैरसमज ४: डायव्हर्शन, टाउन अँड कंट्रीची मंजुरी आणि रेरा नंबर आहे, म्हणजे जमीन निर्धोक आहे.

वस्तुस्थिती: ही कागदपत्रे मालकी, जमिनीचा वापर, आराखडा आणि बिल्डरची जबाबदारी यांविषयी आहेत. मातीच्या शुद्धतेची हमी त्यांत नसते. पर्यावरण मंजुरीची अट २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांना लागू होते. लहान प्लॉटिंग त्या चाळणीतून जातच नाही.

दूषित जागांसाठी स्वतंत्र केंद्रीय नियम जुलै २०२५ मध्ये आले. संशयित जागांची माहिती स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने द्यायची, राज्य प्रदूषण मंडळाने प्राथमिक आणि मग सविस्तर तपासणी करायची, आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करायचा, अशी त्यांची रचना आहे. किरणोत्सारी कचरा, खाणकाम आणि कचरा डेपो यांना वेगळे कायदे असल्याने ते यातून वगळले आहेत. हे नियम आले तेव्हा देशात अशा १०३ जागा नोंदल्या गेल्या होत्या आणि फक्त सात ठिकाणी सफाईचे काम सुरू झाले होते. म्हणून, जागा यादीत नाही यावरून ती स्वच्छ आहे असे मानता येत नाही.

गैरसमज ५: जुना कचरा डेपो सपाट केला की त्यावर बांधता येते.

वस्तुस्थिती: सरोनासारख्या जुन्या ट्रेंचिंग ग्राउंडभोवती वस्ती सरकत येते, तेव्हा हा विचार हमखास पुढे येतो. कुजणारा कचरा वर्षानुवर्षे मिथेन सोडत राहतो. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, आणि हा वायू बंद खोलीत किंवा गटारात साचतो. कचरा खचत असल्याने पायाही डळमळतो. घनकचरा नियम, २०१६ मध्ये बंद केलेल्या लँडफिलवर किमान १५ वर्षे देखरेखीची अट होती. वायू, झिरपणारे काळे पाणी आणि मातीची स्थिरता यांची खात्री पटल्यावरच तिथे वस्तीचा विचार करता येतो.

गैरसमज ६: कारखान्यापासून लांब असले की काळजी नाही.

वस्तुस्थिती: भराव ट्रकने येतो आणि कुठेही जातो. शिवाय काही विषे निसर्गातच असतात. अंबागढ चौकी भागातल्या कौडीकसा गावच्या भूजलात आर्सेनिक आढळले, ते तिथल्या खडकातून आलेले आहे. नव्या बोअरचे पाणी म्हणूनच पहिल्या घोटाआधी तपासून घ्यावे. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची आणि शिशाचीही मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे.

गैरसमज ७: जमीन एकदा बिघडली की कायमची गेली.

वस्तुस्थिती: धोका निर्माण व्हायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: विषारी द्रव्य, ते पसरण्याची वाट आणि ते ज्याच्यापर्यंत पोचते तो माणूस. यातली एक कडी तोडली तरी धोका आटोक्यात येतो. माती काढून नियमाप्रमाणे धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात पाठवता येते, जागेवर धुता येते, बांधून ठेवता येते किंवा त्या कोपऱ्यात घराऐवजी पार्किंग घेता येते. लंडनमध्ये २०१२ च्या ऑलिंपिकसाठी जुन्या औद्योगिक पट्ट्यातली दूषित माती धुऊन, तपासून बहुतांश तिथेच वापरली गेली. दूषित माती रातोरात गावाबाहेरच्या नाल्यात ओतणे मात्र उपाय नव्हे. तो गुन्हा आहे, आणि त्याची किंमत खालच्या गावातला शेतकरी मोजतो.

बयाणा देण्याआधी गावातल्या जुन्या माणसांना आणि पटवाऱ्याला जागेचा इतिहास विचारा, उपग्रहाची जुनी छायाचित्रे बघा, भराव कुठून आला ते लेखी मागा आणि रासायनिक अहवालाची अट करारात घाला. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर तेच उत्तर समजा. तपासणीचा खर्च घराच्या किमतीपुढे नगण्य आहे. प्लिंथ भरल्यावर मात्र हीच चूक दुरुस्त करायला घर फोडावे लागते, आणि तोवर अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या अंगात शिसे गेलेले असते.