अनुदान कुणाला मिळाले, हे गावाला कळलेच पाहिजे!

शहापूर-मुरबाडकडची शेती म्हणजे पावसाच्या भरवशावरची भातखाचरे आणि वरकस जमिनीवरची नाचणी-वरी. भातसा-तानसाचे पाणी मुंबईला जाते. इथल्या कितीतरी खाचरांना पावसाळा सरला की कोरड. अशा शेतकऱ्याला सरकारी मदतीचे दोन पैसे मिळाले तर ते बी-बियाण्याला, खताला लागतात. म्हणूनच ते नेमके कुणाला मिळाले, हा प्रश्न साधा नाही.

२०१९ साली सुरू झालेल्या पीएम किसान योजनेत शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. २०२३ मध्ये राज्य सरकारने नमो शेतकरी योजनेतून तेवढीच भर घातली. परंतु हा पैसा नांगरामागे चालणाऱ्याला नव्हे, सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा यादीत नाही. शेतमजूर तर नाहीच. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, ते उगीच नव्हे.

आज दादासाहेबांच्या नावाने भूमिहीन बौद्ध व अनुसूचित जातीच्या कुटुंबांना ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन देण्याची योजना आहे. बाबासाहेबांच्या नावाची कृषी स्वावलंबन योजना आपल्या शेतकऱ्यांना विहीर, पंप, वीजजोडणीसाठी अनुदान देते. ती जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडे आहे. नावे मोठी आहेत. पण तालुक्यात यंदा कुणाला विहीर मंजूर झाली, असे वस्तीत विचारले तर किती जणांना सांगता येईल?

वास्तविक ही माहिती मागावीच लागू नये. माहितीचा अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ सांगते की अनुदान योजनांतील रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने आपण होऊन जाहीर करावा. तसे झाले नसेल तर १० रुपये भरून अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला शुल्क नाही. ‘खाजगी माहिती आहे’ असे सांगून कुणी परत पाठवले तर कलम ४ दाखवा आणि पहिले अपील करा.

विचारल्याने काय होते? जानेवारी २०२१ मध्ये वेंकटेश नायक यांच्या माहिती अर्जाला मिळालेल्या उत्तरातून उघड झाले की पीएम किसानचे १,३६४ कोटी रुपये २०.४८ लाख अपात्र लोकांच्या खात्यांत गेले होते. त्यांत निम्म्याहून अधिक आयकर भरणारे! एका अर्जाने एवढे बाहेर आले.

शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथे गरिबी निर्मूलनाच्या योजनांचे लाभार्थी निवडण्याचे काम ग्रामसभेवर सोपवले आहे. ज्या सभेला आपण जात नाही, तिथे आपले नाव कोण सुचवणार?

भगिनींनो, घरातला सातबारा एकदा तुम्हीही वाचा. पत्नीचे नाव जमिनीला लावण्यासाठी १९९२ पासून राज्यात लक्ष्मी मुक्ती योजना आहे. त्यासाठी तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेण्याचीही तरतूद आहे. लाभार्थ्यांची यादी मोठ्याने वाचून दाखवा, अशी मागणी पहिल्यांदा तिथेच करता येईल.