वैनगंगेच्या वरच्या अंगाला

गोंदियाला गाडीत चढलेली बाई खिडकीजवळची जागा मराठीत मागते, शेजारणीशी पोवारीत बोलते आणि बालाघाटला उतरली की ऑटोवाल्याशी हिंदीत भाव करते. अवघ्या चाळीस किलोमीटरांत तीन बोली, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. बालाघाट-नैनपूर मार्गावरच्या लामत्याला जायचं असेल तर हा डबा आधी नीट ऐकावा. पुढच्या मुलखाची ओळख इथंच सुरू होते.

बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांचे तुकडे जोडून तयार झाला. मध्य प्रांताच्या नागपूर विभागात तो होता. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या, तोवर इथल्या माणसाची राजधानी नागपूरच होती. सोयरीक, बाजारहाट, दवाखाना यांसाठी इथली माणसं आजही गोंदिया-नागपूरची वाट धरतात. पोवार, मरार, लोधी, गोंड अशी वस्ती. धानाच्या बांध्या, बोड्या, मोहाची झाडं. भंडाऱ्याकडच्या माणसाला इथं परकं वाटत नाही.

सीमा सरकलेला असाच एक मुलूख दूर कंबोडियातही आहे. पाठीवर सॅक टाकून आग्नेय आशियात हिंडणारी मराठी मुलं-मुली आता बरीच आहेत. कंबोडियात गेलेली बहुतेक सिएम रीपला उतरून अंगकोर वाट बघतात आणि परततात. त्यातली थोडी पुढं बात्तंबांगला जातात. सांगके नदीकाठचं हे शहर म्हणजे त्या देशाचं भाताचं कोठार. सयामच्या ताब्यातला हा प्रांत १९०७ मध्ये फ्रेंच अमलाखालच्या कंबोडियात परत आला, त्यामुळे सीमा सरकल्याची आठवण त्याच्याही पोटात आहे. तिथली बांबूची रेल्वे प्रसिद्ध आहे: दोन आसांवर बांबूचा तराफा, मागं छोटं इंजिन. एकेरी रुळावर समोरून दुसरी आली की कमी ओझ्याची गाडी उचलून बाजूला काढायची, दुसरीला वाट द्यायची आणि पुन्हा जोडायची. जुन्या मार्गावरची ही गाडी २०१७ मध्ये थांबली. त्यानंतर पर्यटकांसाठी बाननच्या डोंगराजवळ वेगळा रूळ टाकून ती पुन्हा सुरू केली.

या बांबूच्या रेल्वेबद्दल वाचताना मला प्रत्येक वेळी आपली ‘छोटी लाइन’ आठवते. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत बंगाल-नागपूर रेल्वेनं गोंदियापासून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत अडीच फूट रुंदीचा रूळ टाकला. सातपुड्याच्या जंगलातून, वळणं घेत, दमानं चालणारी ही गाडी शंभरावर वर्षं धावली. मोहफुलांच्या टोपल्या, लग्नाची वऱ्हाडं, शाळेला निघालेली पोरं, सगळं तिनं वाहिलं. बालाघाट-नैनपूर पट्ट्यात ती २०१५ मध्ये बंद झाली. मोठ्या लाइनचं काम इथं फार रेंगाळलं, कारण हा तुकडा कान्हा आणि पेंच या दोन व्याघ्रप्रकल्पांना जोडणाऱ्या जंगलातून जातो. परवानग्यांना वर्षं लागली. तोवर लामत्याच्या लोकांना बस आणि जीप यांवरच भागवावं लागलं. आता मोठी गाडी धावते आणि ते चांगलंच झालं. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असेल तर जुन्या गाडीचं कौतुक कामाचं नाही. तरी छोट्या लाइनचा थोडा तुकडा चालता राहिला असता, तर या गावांना त्याचा नक्की उपयोग झाला असता, असं मला मनापासून वाटतं. आता जुनी इंजिनं बघायला नैनपूरच्या किंवा नागपुरात मोतीबागेतल्या संग्रहालयात जावं लागतं.

लामता साधारण बालाघाट आणि नैनपूरच्या मध्यावर. ‘इथं बघण्यासारखं काय?’ असं गावात विचारलं, तर बहुतेक जण वैनगंगेवरच्या ढूटी बंधाऱ्याचं नाव सांगतील. इंग्रजांच्या काळातला हा बंधारा. नदीचं पाणी अडवून कालव्यांनी खालच्या धानाला दिलं जातं. बालाघाटच्या ज्या सुवासिक चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो याच पाण्याच्या जिल्ह्यातला. भंडारा, पवनी, गडचिरोलीत आपण जिचं रुंद पात्र पाहतो, ती नदी इथं अजून जंगलाच्या कुशीत आहे. सिवनी जिल्ह्यात मुंडाऱ्याला उगम पावून मोठा वळसा घेऊन ती दक्षिणेकडं वळते. पावसाळ्यात बंधाऱ्यावर उतरू नये. पाणी सांगून चढत नाही.

जायचं तर मार्चच्या अखेरीस जावं. ऊन लागतं, पण मोह तेव्हाच गळतो. झाडाखालचा पाचोळा आधी झाडून किंवा जाळून जागा साफ करतात, म्हणजे पडलेलं फूल दिसतं. पहाटे अंधारातच बाया-पोरं टोपल्या घेऊन येतात. ओणवं होऊन एकेक फूल वेचायचं. फिकट पिवळं, गुबगुबीत, रसानं भरलेलं, बोटांना चिकटतं. ऊन वर यायच्या आत टोपली भरली पाहिजे, नाहीतर गुरं आणि हरणं वाटेकरी होतात. अंगणात पसरलेली फुलं दोन-तीन दिवसांत लालसर तपकिरी होतात आणि गल्लीभर गोड, आंबूस वास भरतो. मे महिन्यात तेंदूपत्त्याचे फड लागतात. पन्नास पानांचा एक पुडा, हजार पुड्यांचं एक पोतं. वर्षाच्या रोकडीचा मोठा भाग या थोड्या दिवसांत हाती येतो. फोटो काढायच्या आधी विचारावं, आणि जमलं तर तासभर सोबत वेचू लागावं. माणसं मग आपणहून बोलतात.

मुक्काम बालाघाटला ठेवावा. परतीच्या गाडीची वेळ स्टेशनवरच विचारून घ्यावी, कारण एक चुकली तर दुसरीसाठी बराच वेळ थांबावं लागतं. जंगलात एकट्यानं शिरू नये. तो वाघाच्या येण्याजाण्याचा रस्ता आहे. बैहर-लांजीकडचा भाग अनेक वर्षं नक्षलग्रस्त होता, तिकडं वळायचं तर गावकऱ्यांना विचारूनच वळावं. कान्ह्याच्या मुक्की दरवाज्याकडं जाणाऱ्या गाड्या बालाघाटहून बैहरच्या रस्त्यानं भरधाव निघून जातात. लामता त्या रस्त्यावर नाही.

संध्याकाळी गोंदियाकडं निघालेल्या गाडीत माझ्या समोर एक आजी बसल्या होत्या. मांडीवर वाळल्या मोहफुलांचं गाठोडं, गोंदियाला दिलेल्या लेकीसाठी. बालाघाट गेल्यावर त्यांनी गाठ सोडली, मूठभर फुलं माझ्या हातावर ठेवली आणि मराठीत म्हणाल्या, ‘‘भाजून खा, बाळा. तिळासंग चांगली लागतात.’’