एएफला पाणी कमी पडलं!

‘चणीपा चवंह!’ कळलं का? पाणी हवं! च-ची भाषा तुम्हीही बोलत असाल. धाकट्या बहिणीला कळू नये म्हणून आपण ती बोलतो, आणि ती बसते कोपऱ्यात कान टवकारून. आठ दिवसांत तिला सगळं समजायला लागतं!

सैन्यात अगदी हेच काम करणारे अधिकारी असतात. त्यांना म्हणतात ‘सिग्नल्स इंटेलिजन्स ऑफिसर’. शत्रूचे बिनतारी संदेश हवेतून टिपायचे आणि त्यांचा अर्थ लावायचा.

चला, १९४२ सालात जाऊ. दुसरं महायुद्ध चालू आहे. हवाई बेटांवर पर्ल हार्बरच्या एका तळघरात अमेरिकी नौदलाचा अधिकारी जोसेफ रॉशफोर्ट बसलाय. गारठा इतका, की गणवेशावर त्याने घरात घालायचं जाकीट चढवलंय, पायात सपाता आहेत. जपानमध्ये राहून तो जपानी शिकलाय. आणि मदतीला कोण, तर चक्क बँडवाले! पर्ल हार्बरवर झालेल्या जपानी हल्ल्यात त्यांची ‘कॅलिफोर्निया’ ही युद्धनौका बुडाली, तेव्हा या वादकांना कार्डांना भोकं पाडणाऱ्या यंत्रांवर बसवलं. ते कामही त्यांनी झकास केलं.

या सगळ्यांना उलगडायचे होते जपानी आरमाराचे गुप्त संदेश. त्या आरमाराच्या जाड कोशात शब्दाशब्दाला पाच अंकी आकडा होता. समजा, ‘पाणी’ म्हणजे २५४३१. पण तो तसाच पाठवायचा नाही. दुसऱ्या वहीतला एक आकडा, समजा ४८९०२, त्यात मिळवायचा. तोही हातचा न धरता! ५ आणि ८ तेरा, लिहायचे फक्त ३. उत्तर येतं ६३३३३. करून बघा.

आता गंमत ऐका. कोशातल्या प्रत्येक आकड्याला ३ ने भाग जायचा. २+५+४+३+१ किती? १५! त्याला ३ ने भाग जातो, म्हणजे २५४३१ लाही. संदेश घेताना चूक झाली, तर आपल्या माणसाला ती कळावी म्हणून ही सोय होती. पण तीच शत्रूच्या कामी आली. अंदाजाने एक आकडा वजा करून पाहायचा. संदेशामागून संदेश तपासताना उरलेल्या आकड्यांना दर वेळी तीनने भाग गेला, की अंदाज बरोबर! शाळेत शिकलेली विभाज्यतेची कसोटी एका बलाढ्य आरमाराचं गुपित फोडायला उपयोगी पडली, याचं मला अजून नवल वाटतं.

तरी सगळे शब्द उलगडत नव्हते. हल्ला ‘एएफ’वर होणार, एवढं कळलं. पण एएफ म्हणजे कुठे? रॉशफोर्ट म्हणाला, मिडवे. पॅसिफिक महासागरातलं ते इवलंसं ठिकाण. वॉशिंग्टनमधल्या काही वरिष्ठांना ते पटेना.

मग त्याचा सहकारी जॅस्पर होम्स याला एक युक्ती सुचली. समुद्राखालच्या तारेतून मिडवेला गुपचूप निरोप गेला. ती तार जपान्यांना ऐकू येत नव्हती. निरोप असा : ‘गोडं पाणी तयार करणारं आमचं यंत्र बिघडलंय, असं बिनतारी यंत्रावरून साध्या इंग्रजीत सांगा.’ यंत्र खरं तर ठणठणीत होतं! मिडवेने तसं सांगितलं. लवकरच एक जपानी संदेश हाती लागला : एएफला गोड्या पाण्याची टंचाई आहे.

सापडलं की हो!

४ जूनला जपानी ताफा मिडवेवर चालून आला, तेव्हा अमेरिकी विमानवाहू नौका आधीच दबा धरून होत्या. जपानच्या चार विमानवाहू नौका या लढाईत बुडाल्या, अमेरिकेची एक. दोन्ही बाजूंची मिळून तीन हजारांहून जास्त माणसं गेली.

रॉशफोर्टचं नाव मात्र कितीतरी वर्षं लोकांना ठाऊकच नव्हतं. तो १९७६ मध्ये वारला. या कामगिरीबद्दलचं त्याचं पदक जाहीरपणे देण्यात आलं १९८६ मध्ये.