‘थिएट्रिकल’ : कौतुक की टोमणा?

नाटकाच्या परीक्षणात ‘थिएट्रिकल’ हे विशेषण हमखास भेटतं. अर्थ साधा आहे : रंगमंचाचं, रंगमंचावर खुलणारं. ‘ड्रॅमॅटिक’ची नजर कथेतल्या संघर्षावर, याची डोळ्यांना-कानांना काय मिळतं त्यावर. पण घरच्या भांडणात कुणी हातवारे करत गळा काढला, तर त्यालाही थिएट्रिकलच म्हणतात. तिथे ते सरळ ‘नाटकी’.

नागपूरकर महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ घ्या. १९८५ साली विजया मेहतांनी ते रंगमंचावर आणलं. देशपांड्यांच्या वाड्यासमोर बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतो आहे. घराण्याची पडझड कुणी बोलून दाखवण्याआधीच दिसते. आवाज न चढवता हे साधलं, म्हणून थिएट्रिकल, अस्सल अर्थाने.

नागपूरच्या पूर्वेला, वडसा-गडचिरोलीकडे, झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं रंगतात. मागच्या प्रेक्षकापर्यंत पोचायचं तर खडा आवाज आणि ठसठशीत हावभाव हवेतच. शहरी समीक्षकाला ते भडक वाटतं. मला तिथे चपखल वाटतं. तोच नट तसाच कॅमेऱ्यापुढे उभा राहिला, तर मात्र हे विशेषण टोमणाच समजावा.