जुनी किल्लारी कशी होती? माळवदं, पार अन् तंबूतला सिनेमा: काय गेलं, का गेलं, काय जपता येईल

किल्लारी (ता. औसा) : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं. रात्री उशिरा मिरवणुकी आटोपून माणसं नुकतीच झोपली होती. सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसं गेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली ५२ गावं पुरती पडली आणि दुसऱ्या जागेवर वसवावी लागली.

मेलेल्या माणसांची मोजणी झाली, पडलेल्या घरांची झाली, नुकसानीचे पंचनामे झाले. पण गावातल्या बसायच्या, भेटायच्या, हसायच्या जागा गेल्या त्यांची नोंद कुठंच झाली नाही. गल्ली, ढाळज, पार, तालीम, वेस, तमाशाचं मैदान, सिनेमाचा तंबू हे कुठल्या पंचनाम्यात बसणार? त्या वेळी जो दहा वर्षांचा होता तो आज चाळिशी ओलांडून गेला. जो चाळिशीत होता त्यानं सत्तरी पार केली. नव्या पोरांना जुनं गाव म्हणजे स्मृतिस्तंभ आणि झाडाझुडपांत पडलेले दगड एवढंच माहीत. म्हणून हे गाव नेमकं कसं होतं, ते थोडं समजून घेऊ.

काळी आणि पांढरी

आपल्याकडं शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. हे नुसतं बोलायला नाही. शेकडो वर्षं एकाच जागी घरं बांधली, पडली, त्याच मातीवर परत बांधली, राख-शेण मिसळत गेलं. त्यातून गावठाणाची माती पांढरट होते. ही माती माळवदावर टाकली की पाणी लवकर मुरत नाही. म्हणून घरावर टाकायला गढीची किंवा जुन्या पडक्या जागेची पांढरी माती आणायची पद्धत होती. म्हणजे गाव स्वतःच्याच मातीनं स्वतःला झाकत होतं.

माळवदाचं घर कसं असायचं

या भागातलं घर म्हणजे काळ्या दगडाच्या रुंद भिंती. जाडी दोन फुटांपासून काही वाड्यांत चार फुटांपर्यंत. दगड बसवायला चिखल. आत सागवानी किंवा बाभळीचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर आडव्या बल्ल्या, त्यावर फळ्या किंवा किलचन, त्यावर पाला आणि सगळ्यात वर माती. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणायचे. घर केवढं हे फुटात सांगत नसत, "आठ खणाचं घर आहे" असं सांगत. सोयरीक जमवताना पण खण मोजले जायचे.

वाड्यात शिरलं की आधी ढाळज. आला-गेला माणूस इथं बसायचा, चहा इथंच, भांडणं इथंच मिटायची. मग चौक, भोवती वसरी, मागं माजघर आणि देवघर. धान्य साठवायला बळद किंवा जमिनीत पेव. भिंतीत दिवळी, तिथं चिमणी ठेवायची. छताला उजेडासाठी आणि धूर जायला भोक ठेवलेलं असायचं, त्याला काही गावांत सवणं म्हणतात, काही गावांत साणं.

उन्हाळ्यात हे घर थंड. बाहेर ४२ अंश असलं तरी माजघरात पंखा लागत नसे. आणि रात्री सगळं घर माळवदावर झोपायला. एका घराचं माळवद दुसऱ्याला लागून असल्यानं गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वरून चालत जाता यायचं. बायकांच्या कुरडया-पापड्या तिथंच वाळायच्या, पोरांचे पतंग तिथूनच उडायचे आणि खाली मिरवणूक आली की बघायची गॅलरीही तीच.

मग तीच घरं जीवावर का उठली?

आठवण गोड असली तरी हे विसरून चालणार नाही. भूकंप मोजायच्या पद्धतीनुसार ६.२ ते ६.४ चा होता. जगाच्या हिशेबात हा फार मोठा भूकंप नाही. पण तो जमिनीत फार खोल नव्हता, थेट गावांच्या पोटाखाली होता आणि वेळ साखरझोपेची होती. त्यात घरांच्या बांधणीतले तीन दोष भोवले.

पहिला दोष भिंतीचा. भिंत बाहेरून एक दिसली तरी आत दोन वेगळ्या भिंती असायच्या. मधली पोकळी दगडगोटे आणि मातीनं भरलेली. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा लांब आडवा दगड बहुतेक घरांत नव्हताच. हादरा बसला तशी भिंत पोट फुगल्यासारखी फुगली आणि आत-बाहेर कोसळली.

दुसरा दोष छताच्या वजनाचा. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर नवीन माती पडायची, जुनी कुणी काढत नसे. बापानं टाकली, आजानं टाकली, थर वाढत दीड-दोन फुटांवर गेला. साधा हिशोब बघा. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे १५० घनफूट. तिचं वजन साडेसहा-सात टनांच्या घरात जातं. एवढं ओझं डोक्यावर घेऊन माणसं झोपत होती.

तिसरा दोष जोडणीचा. खांब, तुळई आणि भिंत एकमेकांना नीट बांधलेली नव्हती. तरीही जिथं लाकडाचा सांगाडा मजबूत होता तिथं भिंती पडल्या पण खांबांवर छत तरलं आणि आतली माणसं वाचली. कुडाच्या, पत्र्याच्या, छपराच्या हलक्या घरांतही मरणारे कमी होते.

याआधी १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये किल्लारी परिसरात जमीन बऱ्याचदा हादरली होती, आवाज यायचे. पण दख्खनचा काळा पत्थर म्हणजे पक्का, इथं मोठा भूकंप होत नाही, असाच तेव्हाचा समज होता. भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नंतर किल्लारीत खोल भोक पाडून शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा काळ्या पत्थराचा थर ३३८ मीटर निघाला आणि त्याखाली फार जुना खडक लागला. पुढं २००२ मध्ये देशाचा नकाशाच बदलला आणि सगळ्यात कमी धोक्याचा तो पट्टा रद्द झाला.

पार, चावडी, तालीम

टीव्ही घरोघरी नव्हता तेव्हा गावची करमणूक चालायची ती या जागांवर. वेशीजवळ मारुती, मारुतीपुढं पार, पारावर लिंब किंवा पिंपळ. सकाळी पेपर मोठ्यानं वाचला जायचा, संध्याकाळी पावसाचा आणि बाजारभावाचा अंदाज. देवळात भजन, सप्ताह, पोथी. तालमीत लाल माती, तिथं कुस्ती आणि लेझीम. गणपतीत मेळे, सोंगं, भारुडं आणि गावातल्याच पोरांनी बसवलेलं नाटक. स्त्री पार्टी पोरानंच करायची, साडी बहिणीची, दागिने उसने.

१९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं आणि पारावरची गर्दी ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ढाळजेत गेली. पुढं गणपतीत वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं आणायचा, एका रात्रीत तीन पिक्चर. वीज गेली की सगळं गाव एका आवाजात ओरडायचं.

एक गोष्ट खरी सांगितली पाहिजे. जुनं गाव सगळ्यांना सारखं नव्हतं. दलित वस्ती वेशीच्या बाहेर होती आणि पारावर, आडावर सगळ्यांना सारखा मान नव्हता. म्हणून जुन्या गावाची आठवण कोण सांगतंय यावर ती गोड का कडू हे ठरतं. नोंद करायची तर दोन्ही करावी.

तंबूतला सिनेमा आणि तमाशाचा फड

पक्कं थिएटर म्हणजे तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं गाव. खेड्यात सिनेमा यायचा तो ट्रकमधून. दिवाळी झाली, रस्ते वाळले की जत्रांचा हंगाम सुरू व्हायचा आणि टुरिंग टॉकीज गावोगाव फिरायची. मोकळ्या मैदानात तंबू, भोवती कनात, मध्ये पडदा, मागं मशीन, बाजूला जनरेटर. बसायला जमीन. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला. दिवसभर गाडीवर भोंगा लावून जाहिरात आणि अंधार पडला की खेळ सुरू. मशीन एकच असल्यानं रीळ संपलं की मध्ये थांबायचं, तेवढ्यात शेंगावाल्याचा धंदा व्हायचा. पडदा पातळ असल्यानं मागच्या बाजूनंही चित्र दिसायचं, फक्त उलटं. फुकट बघणारी पोरं तिकडं बसायची.

तमाशाचा हंगामही दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. आधी गण, मग गवळण, बतावणी, रंगबाजी आणि मध्यरात्रीनंतर वग. वग उजाडेपर्यंत चालायचा. नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा तमाशासाठी महाराष्ट्रात प्रसिद्ध. बैलगाड्या जुंपून माणसं तिथं जायची, दोन-तीन मुक्काम करायची, जनावरं घ्यायची-विकायची आणि रात्री फडात.

टुरिंग टॉकीज मात्र भूकंपानं नाही गेली. ती आधी व्हिडिओनं खिळखिळी केली, मग केबलनं. २०१० नंतर सिनेमा रिळावर येणंच बंद होत गेलं, डिजिटल मशीन घेण्याची ताकद तंबूवाल्यांत नव्हती. महाराष्ट्रातल्या या शेवटच्या तंबूवाल्यांवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट झाला, तो २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. आता तोच सिनेमा खिशातल्या मोबाईलवर आहे, पण शेजारी बसून कुणी शिट्टी मारत नाही.

नवं गाव आलं, पण पार राहिला

जागतिक बँकेच्या कर्जातून आणि देशभरातून आलेल्या मदतीतून १९९४ पासून पुनर्वसन झालं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४०० आणि त्यावर ७५० चौरस फुटांचं घर. रस्ते सरळ, रुंद. शाळा, दवाखाना, पाणी, समाजमंदिर. या कामातून लाखो माणसं उभी राहिली, ते नाकारता येत नाही.

पण नवं गाव शहरासारखं आखलं गेलं. घरं सुटी सुटी, गाव जुन्यापेक्षा कितीतरी पट पसरलेलं. गल्ली नाही म्हणून दारात बसून शेजारणीशी बोलणं नाही. ढाळज नाही म्हणून पाहुणा थेट घरात. शेत लांब पडलं. सिमेंटच्या छताखाली झोपायला कित्येकांना वर्षानुवर्षं भीती वाटली, म्हणून घरापुढं पत्र्याचं शेड मारून माणसं तिथं झोपली. जुनी भावकी, जुने शेजारी वेगवेगळ्या ओळींत गेले. काही ठिकाणी नंतर गावकऱ्यांनीच झाड लावून ओटा बांधला आणि पार परत आणला. त्याची गरज गावाला होती, नकाशात मात्र तो नव्हता.

ज्यांचं माळवद अजून उभं आहे त्यांच्यासाठी

लातूर, नांदेड, धाराशिवमध्ये माळवदाची घरं आजही बरीच आहेत. ती पाडायलाच पाहिजेत असं नाही. भूकंपानंतर तेरा जिल्ह्यांत पावणेदोन लाखांहून जास्त घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं, त्यातल्या या साध्या गोष्टी आजही लागू आहेत.

• माळवदावरची जादा माती काढा. खाली प्लॅस्टिकचा जाड कागद टाकला तर आठ इंचांच्या आत थर ठेवूनही गळत नाही.
• भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून सळई आणि काँक्रीट भरून दोन्ही बाजू जोडून घ्या.
• खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपा लाकडी किंवा लोखंडी आधार द्या.
• दारं-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना फिरून येणारा पट्टा घ्या.
• पोट फुगलेल्या भिंतीशेजारी झोपू नका. काम सुरू करण्याआधी जाणकार अभियंत्याला दाखवा.

आठवण जपायची तर आताच

दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभाजवळ गेलेल्यांना श्रद्धांजली वाहिली जाते. त्या दिवशी जुनी माणसं एकत्र येतात. तेव्हा आणि एरवीही हातातल्या मोबाईलनं चार कामं करता येतील.

१) घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जुन्या गावाचा नकाशा कागदावर काढायला सांगा. वेस कुठं, आड कुठं, कुणाचं घर कुणाला लागून. बोलताना आवाज रेकॉर्ड करा. आजीला वेगळं विचारा, तिचं गाव आजोबांच्या गावापेक्षा वेगळं असतं.

२) लग्नाचे जुने अल्बम उघडा. नवरा-नवरीच्या मागं वाड्याचं दार, वसरी, माळवद दिसतं. फोटोचा फोटो काढून ठेवा, मागं साल आणि घर कुणाचं ते लिहा.

३) तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गावठाणाचा जुना नकाशा मागा. शाळेच्या जुन्या रजिस्टरमधूनही बरंच कळतं.

४) गल्ल्यांची, आडांची, मैदानांची नावं लिहून ग्रामपंचायतीत एक प्रत द्या. नव्या रस्त्यांना नावं देताना ती वापरता येतील.

दगड परत रचता येणार नाहीत आणि तसे रचायलाही नकोत. पण कुठल्या दगडावर कोण बसायचं हे सांगणारी माणसं अजून आहेत. ती आहेत तोवर विचारून घ्या.