सूज, गोळी आणि रोजा

रमजान लागला की बोईसरच्या औषध दुकानांत एक प्रश्न हमखास येतो : दुखण्याची गोळी पहाटे सहरीला घ्यायची की संध्याकाळी इफ्तारला? विचारणारे बहुतेक तारापूर एमआयडीसीत पाळी करणारे कामगार, नाहीतर गुडघ्यांनी बेजार झालेली घरातली वडीलधारी माणसे. गंमत अशी की, त्याच वसाहतीतल्या कारखान्यांत वेदनाशामकांसह कितीतरी औषधांचा मूळ माल तयार होतो. गोळी ओळखीची आहे. ती शरीरात नेमके काय थांबवते, हे मात्र क्वचितच कोणी सांगते.

ती दाह थांबवते. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही त्याची चार लक्षणे रोमन लेखक सेल्ससने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली. युनानी हकीम त्याला ‘वरम’ म्हणतात, वैद्य ‘शोथ’. पत्र्याने बोट कापले की जखमेजवळच्या पेशी रसायने सोडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि जंतूंना गिळतात. बोट ठणकते ते या धावपळीमुळे. म्हणजे दाह हा मुळात आजार नव्हे, बंदोबस्त आहे.

पण बंदोबस्त वेळेवर उठावाही लागतो. काम संपले की दाह आपोआप विरतो, असे पूर्वी मानत. हार्वर्डचे चार्ल्स सेरहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून दिसले की, आग विझवण्यासाठी शरीर वेगळी रसायने बनवते. त्यांतली काही माशांच्या तेलातल्या ओमेगा-३ मेदाम्लांपासून तयार होतात. (बांगडा-तारली खाणाऱ्या सातपाटीच्या किनाऱ्याला हे ऐकून बरे वाटेल, पण मासा खाल्ला की गुडघा बरा, इतके ते सोपे नाही.) शिवाय मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसोल सोडून लगाम ओढत असतात.

लगाम सुटला की काय होते, हे महाराष्ट्राने कोविडमध्ये पाहिले. गंभीर रुग्णांची फुप्फुसे विषाणूबरोबरच स्वतःच्या शरीराच्या बेभान दाहानेही निकामी होत होती. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निकाल आला. डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना मात्र फायदा दिसला नाही. निकालाचा हा दुसरा भाग आपल्याकडे कमी लोकांच्या कानांवर गेला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अनेकांना स्टिरॉइड गरजेपेक्षा लवकर, जास्त आणि लांबलचक मिळाले. साखर भडकली, पहारा ढिला पडला आणि म्युकरमायकोसिस म्हणजे ‘काळी बुरशी’ शिरली. सर्वाधिक रुग्ण सापडलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. कित्येकांचा डोळा गेला, कित्येकांचा जबडा काढावा लागला. आग जास्त झाली तरी जीव जातो आणि पार विझवली तरी.

दुसरा प्रकार मंद धगीचा. पोटावरची चरबी, वाढलेली साखर, तंबाखू, हवेतले सूक्ष्म कण यांमुळे जखम नसतानाही दाह वर्षानुवर्षे धुमसतो आणि रक्तवाहिन्या खराब करतो. तारापूरकरांना हवेबद्दल वेगळे सांगायला नको : केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात ही वसाहत ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत प्रदूषित ठरली होती. दाहाचा हृदयविकाराशी थेट संबंध २०१७ मध्ये दहा हजारांहून अधिक रुग्णांवरच्या ‘कॅन्टोस’ चाचणीने दाखवला. कोलेस्टेरॉलला हात न लावता केवळ दाह कमी करणाऱ्या औषधाने हृदयविकाराचे झटके घटले, पण जिवावर बेतणारे जंतुसंसर्ग वाढले. हिशेब पुन्हा तोच.

आता दुकानातला प्रश्न. जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले की, ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने बनू देत नाहीत. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. सूज आणि वेदना वाढवणारी हीच रसायने जठराच्या अस्तराची राखण करतात आणि शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही टिकवतात. रोजात तेरा-साडेतेरा तास पाण्याचा थेंब नाही, वर बॉयलर किंवा भट्टीजवळचे काम. अशा दिवसाच्या तोंडावर, सहरीला डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेणे मूत्रपिंडाला महागात पडू शकते. घ्यायचीच असेल तर इफ्तारनंतर, पोटभर जेवून, पुरेसे पाणी पिऊन. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिनची छोटी गोळी मात्र या भीतीने परस्पर बंद करू नये. तिची वेळ तेवढी ठरवून घ्यावी.

स्टिरॉइडची गोष्ट याहून नाजूक. दमा, संधिवात यांसाठी महिनोन् महिने ती गोळी घेणाऱ्यांच्या ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे जवळजवळ सोडून देतात. ‘रोजा आहे’ म्हणून गोळी एकदम थांबवली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळते, तेव्हा तर घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हेही ठाऊक नसते.

रोजाने दाह उतरतो का? काही अभ्यासांत रमजानमध्ये रक्तातल्या दाहाच्या खुणा थोड्या कमी झालेल्या दिसल्या. पण अभ्यास छोटे, फरकही छोटा. आणि इफ्तारच्या ताटात रोज तळलेली भजी आणि सरबताचा जग असेल तर त्या फरकाचे काय होणार, हे वेगळे सांगायला नको.

आजाऱ्यासाठी मुभा कुरआनातच, सूरह बकरामध्ये आहे : बरे झाल्यावर तेवढे दिवस भरून काढायचे. आजार कायमचा असेल तर एका रोजाबद्दल एका गरजूला जेवण द्यायचे, त्याला फिदिया म्हणतात. मधुमेही आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी रमजानच्या महिना-दीड महिना आधी तपासणी करून घेतली, तर कोणते रोजे धरायचे आणि गोळी कधी घ्यायची, हे डॉक्टरांशी निवांत बोलून ठरवता येते.