गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागते का?

"मिस्टर कामासाठी बाहेरगावी आहेत. त्यांची सही झाल्याशिवाय करणार नाही, असं त्या हॉस्पिटलमध्ये सांगितलं." आठ आठवड्यांची सोनोग्राफी घेऊन आलेल्या स्त्रीकडून हे मी बऱ्याचदा ऐकते. ती वाट पाहते आणि पुन्हा येते तेव्हा बारावा आठवडा उलटलेला असतो. दिवस जितके वाढतात, तितका गर्भपात अवघड आणि जोखमीचा होतो.

स्पष्टच सांगते. स्त्री १८ वर्षांपेक्षा मोठी असेल आणि मानसिक आजारामुळे निर्णय घेण्यास असमर्थ नसेल, तर १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार फक्त तिची संमती लागते. ती 'फॉर्म सी' या कागदावर घेतली जाते. नवरा, सासू, वडील यांपैकी कोणाचीही सही कायद्याने मागितलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात हेच सांगितलं आणि डॉक्टरांनी कायद्याबाहेरच्या अटी घालू नयेत, असंही बजावलं. लग्न झालेलं असो वा नसो, नियम तोच. नवऱ्याशी बोलावं का, हा तुमच्या घरातला प्रश्न आहे. बोलणं वेगळं आणि परवानगी वेगळी.

मग डॉक्टर सही का मागतात? पुढे भांडण होऊन आपल्यावर येईल, ही भीती असते. दुसरं कारण म्हणजे दोन कायद्यांची सरमिसळ. गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी १९९४ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याच्या धास्तीने काही ठिकाणी साध्या, कायदेशीर गर्भपातालाही नकार मिळतो.

तरीही आपल्याकडे मागितला की गर्भपात, असा हक्क नाही. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं अनुकूल मत लागतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं, तेही बलात्कार, अल्पवयीन मुलगी, गरोदरपणात आलेलं वैधव्य किंवा घटस्फोट, गर्भातील गंभीर दोष अशा ठरावीक परिस्थितीत. त्यापुढे गर्भात गंभीर दोष असल्यास वैद्यकीय मंडळ ठरवतं. स्त्रीच्या शरीराबद्दल शेवटचा शब्द डॉक्टरचा असावा, हे डॉक्टर असूनही मला खटकतं. गर्भनिरोधक साधन निकामी ठरलं, हे कारण मात्र २०२१ च्या दुरुस्तीनंतर अविवाहित स्त्रियांनाही लागू आहे.

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंध आला त्या दिवसापासून नाही. इथे हिशेब हमखास चुकतो.

सहीच्या कटकटीला कंटाळून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायच्या असतात. गर्भ नळीत राहिला असेल, तर गोळ्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटून जीव धोक्यात येऊ शकतो. गोळ्या आधीच घेतल्या असतील आणि सलग दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील, चक्कर, ताप किंवा पोटात एका बाजूला जोरात दुखत असेल, तर लगेच रुग्णालयात जा आणि गोळी घेतल्याचं लपवू नका.

एका ठिकाणी सहीसाठी अडवलं, तर दुसऱ्या मान्यताप्राप्त केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात जा. तुमचं नाव गुप्त ठेवणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. जाताना शेवटच्या पाळीची तारीख आणि असल्यास सोनोग्राफीचा रिपोर्ट न्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर आधीच सांगा. काही जणींना त्यासाठी इंजेक्शन द्यावं लागतं.